आमच्या तिघांची मुंबई आणि ‘फ्लाइट ६६६’ची डबल डीव्हीडी

ही डीव्हीडी तुमच्या हाती लागली तर माझं एक ऐका. पहिली डिस्क बाजूला ठेवा, दुसरी आधी लावा. पहिलीत सिनेमा आहे, दुसरीत नुसती गाणी. आणि दुसरीतलं पहिलंच गाणं आमचं आहे. आमचं म्हणजे मुंबईचं. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, बांद्रा-कुर्ला संकुलातलं मैदान. अंधारात १९४० सालचं चर्चिलचं भाषण सुरू होतं, भाषण संपतं न संपतं तोच गिटार सुटतात आणि ‘एसेस हाय’ अंगावर येतं. आयर्न मेडन या रॉक बँडच्या त्या अख्ख्या दौऱ्याची सुरुवात याच गाण्यानं, याच मैदानावर झाली. सोळा शहरांतली सोळा गाणी या डिस्कवर आहेत आणि त्यात पहिला मान मुंबईचा आहे. आम्ही तिघं त्या मैदानात होतो.

ज्यांना या बँडची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लंडनच्या पूर्व भागातल्या स्टीव्ह हॅरिसनं १९७५ मध्ये हा बँड काढला. तो बास वाजवतो आणि बरीचशी गाणीही तोच लिहितो. गायक ब्रूस डिकिन्सन, तीन गिटारवाले म्हणजे डेव्ह मरे, अॅड्रियन स्मिथ आणि यानिक गर्स, आणि तेव्हा ड्रमवर निको मॅकब्रेन. २००८ च्या दौऱ्याचं नाव होतं ‘समव्हेअर बॅक इन टाइम’. त्यात त्यांनी ऐंशीच्या दशकातलीच गाणी घेतली होती, एक ‘फिअर ऑफ द डार्क’ सोडलं तर. ते १९९२ चं. मुंबईपासून टोरांटोपर्यंत ४५ दिवसांत २३ कार्यक्रम. कॅनडाचे दोन दिग्दर्शक, सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन, कॅमेरे घेऊन त्यांच्याबरोबर फिरले आणि त्यातून ‘फ्लाइट ६६६’ हा सिनेमा झाला. २००९ च्या एप्रिलमध्ये तो थिएटरांत लागला आणि त्याच वर्षी त्याची डीव्हीडी आली.

मी मिरजेचा. माझा साऊंडचा धंदा आहे: लग्नं, गणपती, भजनं, शाळांची स्नेहसंमेलनं. २००८ साली धंदा माझा नव्हता, मी दुसऱ्याकडे कामाला होतो. केबल गुंडाळायच्या, बॉक्स उचलायचे, मालक सांगतील तिथे माईक लावायचे. दुसरा माझा मामेभाऊ, सांगलीचा, तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. तिसरा आमच्याच गल्लीतला, सतारमेकराचा मुलगा. मेडन आमच्या आयुष्यात आणलं ते यानंच. त्याच्या वडिलांकडे सतार दुरुस्तीला मुंबईहून एक कुटुंब यायचं. त्यांच्या मुलानं जाताना याला मेडनच्या ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बमची कॅसेट दिली. आम्ही ती त्यांच्या कारखान्यातच पहिल्यांदा ऐकली, वाळत टांगलेल्या भोपळ्यांच्या खाली बसून. त्याचे वडील समोर पडद्यांना तात बांधत होते. आता ओरडतील म्हणून आम्ही आवाज कमी करायला गेलो तर ते म्हणाले, “राहू दे रे. लयीला पक्के आहेत.” आयर्न मेडनबद्दल याहून नेमकं बोललेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

तिकिटाला माझा दिवाळीचा बोनस गेला. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघालो, सकाळी मुंबईत उतरलो. दिवसभर दादरला मामेभावाच्या मित्राच्या खोलीवर पडून काढला आणि दुपारी उन्हातच बांद्रा पूर्वेला उतरून चालत सुटलो. कलानगरच्या पुढे आलो तेव्हा रस्त्यात काळे टी-शर्टच काळे टी-शर्ट. पुण्याची, नागपूरची, गोव्याची, पार ईशान्येकडची पोरं. अनोळखी माणूस समोरून यायचा, छातीवरचा एडी, म्हणजे बँडचं ते भुतासारखं बोधचिन्ह, दाखवून “अप द आयर्न्स” म्हणायचा आणि मिठी मारायचा. मिरजेत आम्ही तिघंच होतो. जगात आपल्यासारखे इतके आहेत हे त्या रस्त्यावर पहिल्यांदा कळलं.

आत गेल्यावर आमची ताटातूट झाली. मामेभाऊ पुढे घुसला, थेट बांबूच्या अडसरापर्यंत. सतारमेकराचा मुलगा मधोमध राहिला, त्याला तिन्ही गिटार सारख्या ऐकायच्या होत्या. आणि मी गेलो मागे, मिक्सिंगच्या मंडपापाशी. इतक्या मोठ्या कार्यक्रमाचा मिक्सर मी तोवर कधी पाहिला नव्हता. कठड्याला छाती टेकवून उभा राहिलो की त्या साऊंड इंजिनिअरचा उजवा हात मला अगदी स्पष्ट दिसत होता.

तो हात मी दोन तास पाहिला. गिटारचा सोलो यायच्या आधी, म्हणजे आपल्याला अजून काही कळायच्या आत, त्याचं बोट त्या चॅनलवर जाऊन थांबलेलं असायचं. सोलोचा पहिला सूर निघाला की फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, सुपारीच्या जाडीइतका वर, सोलो संपला की परत खाली. आमच्याकडे तोवर पद्धत अशी होती की कार्यक्रमाच्या सुरुवातीला सगळं लावायचं आणि माईकनं शिट्टी मारली तरच हात लावायचा. फेडरच्या खाली पांढऱ्या चिकटपट्टीचा लांब तुकडा होता आणि त्यावर मार्करनं नावं लिहिली होती: स्टीव्ह, डेव्ह, अॅड्रियन, यानिक. एवढं मोठं यंत्र आणि त्यावर हातानं लिहिलेली माणसांची नावं. परत आल्यावर मी मालकांच्या जुन्या मिक्सरवर तशीच पट्टी लावली. बुवा, पेटी, पखवाज, झांजा. आजही माझ्या मिक्सरवर ती असते, प्रत्येक कार्यक्रमाला नवी.

याचा परिणाम असा झाला की मी कार्यक्रम ऐकला, पण पाहिला नाही. ‘ट्रूपर’ला ब्रूस लाल डगला घालून झेंडा फिरवतो ते मी ओझरतं पाहिलं. ‘पॉवरस्लेव्ह’ला तो पिसांचा मुखवटा लावून आला तेव्हा लोक ओरडले म्हणून मान वर केली. ‘समव्हेअर इन टाइम’च्या मुखपृष्ठावरचा तो यंत्रमानवी एडी रंगमंचावर चालत आला तेवढं मात्र पूर्ण पाहिलं, कारण तेव्हा इंजिनिअरनंही मान वर केली होती. परतीच्या प्रवासात कोयना एक्सप्रेसमध्ये दोघं एकमेकांना सांगत सुटले, हे पाहिलंस का, ते पाहिलंस का, आणि मला कळलं की आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या कार्यक्रमांना जाऊन आलोय.

म्हणून ही डीव्हीडी माझ्यासाठी इतकी मोलाची आहे. दुसऱ्या डिस्कवरचं ते मुंबईचं गाणं म्हणजे मी ज्याच्याकडे पाठ फिरवली नव्हती, पण ज्याच्याकडे बघितलंही नव्हतं, ते सगळं. ब्रूस कुठल्या बाजूनं धावत आला, स्टीव्ह हॅरिसनं मॉनिटर स्पीकरवर पाय टाकून बास बंदुकीसारखा लोकांवर कसा रोखला, यानिक गिटार अंगाभोवती कशी फिरवतो. आणि समोर आपली माणसं. हजारो हात, आणि शब्दन् शब्द पाठ. आपल्याकडे हे संगीत कुणी ऐकत नाही असं ज्यांना वाटत होतं, त्यांनी तो एक शॉट बघावा.

आता सिनेमाबद्दल. पहिल्या डिस्कचा खरा नायक ते विमान आहे. बोइंग ७५७, शेपटीवर एडीचं चित्र, नाव ‘एड फोर्स वन’. मागच्या भागातल्या खुर्च्या काढून तिथे सामानाची जागा केलेली. बँड, कामगार आणि सुमारे १२ टन सामान, सगळं एकाच विमानात. आणि चालवणारा कोण, तर गायक. ब्रूस डिकिन्सन हा तेव्हा परवानाधारक व्यावसायिक वैमानिक होता आणि खरोखरच एका विमान कंपनीत कॅप्टन होता. आदल्या रात्री गायलेला माणूस सकाळी टोपी घालून कॉकपिटमध्ये बसतो आणि घोषणा करतो.

कुणाला हे कौतुकाचं वाटेल, मला यातलं गणित दिसतं. आमचं सगळं सामान एका ४०७ टेम्पोमध्ये बसतं, आणि ती भरायला चार माणसांना दीड तास लागतो. १२ टन म्हणजे अशा पाच-सहा गाड्या झाल्या. हे सामान नेहमीसारखं मालवाहू विमानानं किंवा जहाजानं पाठवायचं ठरवलं असतं तर मुंबईहून पर्थ, तिथून मेलबर्न, जपान, मग अमेरिका, मेक्सिको, कोलंबिया, ब्राझील हा क्रम ४५ दिवसांत बसलाच नसता. ज्या गावांना मोठे बँड वगळून जातात, ती गावं त्यांच्या यादीत आली ती या विमानामुळे. मुंबईही त्यातलीच. सिनेमात सामान चढवण्या-उतरवण्याचे प्रसंग आहेत, ते मी पुन्हा पुन्हा लावतो. पेटी कुठली आधी जाते, वजन कुठे ठेवतात, कोण कुणाला काय ओरडून सांगतं. साऊंडवाल्यांनी, मंडपवाल्यांनी, नाटकाच्या गाडीबरोबर फिरलेल्या माणसांनी हा भाग अवश्य बघावा. आपल्या कामाला इतक्या आदरानं कॅमेरा दाखवणारे सिनेमे फार नाहीत.

तक्रार आहे ती मुंबईच्या वाट्याची. दौरा जिथून सुरू झाला त्या गावाला सिनेमात फार थोडी मिनिटं मिळाली आहेत. गाडी लगेच ऑस्ट्रेलियाला निघते. ज्या पोरांनी रात्रभर जनरल डब्यात उभं राहून प्रवास केला होता त्यांच्यापैकी दोघा-चौघांशी जरा निवांत बोलायला हवं होतं, त्यांच्या घरी जायला हवं होतं. ब्राझीलमधला अंगभर मेडन गोंदवून घेतलेला धर्मगुरू त्यांना सापडला, त्याच्याशी ते बोलले. आपल्याकडेही तसा एखादा सापडला असता. मिरजेत तर नक्कीच.

पण दक्षिण अमेरिकेचा भाग सुरू झाला की ही तक्रार मी विसरतो. चिलीत १९९२ मध्ये चर्चच्या दबावामुळे या बँडला कार्यक्रम करू दिला नव्हता. सोळा वर्षांनी तेच सांतियागोत उतरतात आणि सगळं मैदान भरलेलं असतं. त्या गर्दीत १९९२ साली तिकीट हातात घेऊन घरी परतलेली माणसं असणारच. आणि बोगोटा. कार्यक्रमाच्या कितीतरी दिवस आधीपासून पोरं उद्यानाबाहेर तंबू ठोकून राहिली होती. कार्यक्रम संपतो, लोक पांगायला लागतात, आणि कॅमेरा एका माणसावर थांबतो. निकोनं फेकलेली ड्रमची काठी त्याच्या हाती आली आहे. तो ती दोन्ही हातांत धरून उभा आहे आणि रडतोय. काही बोलत नाही. कॅमेराही काही विचारत नाही, नुसता थांबतो. दिग्दर्शकांनी दुसरं काहीच केलं नसतं, एवढा एक प्रसंग टिपला असता, तरी मी त्यांना मानलं असतं. पंढरपुरात पायरीवर डोकं टेकून उठलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा मी असा पाहिला आहे. तुळशीची माळ असो की लाकडी काठी, हातात धरण्याची रीत तीच.

आवाजाबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार, कारण ते माझं काम आहे. मिक्सिंग केव्हिन शर्लीचं आहे, बँडचा नेहमीचा माणूस. सोळा गाणी सोळा जागांची: कुठे बंद सभागृह, कुठे फुटबॉलचं मैदान, कुठे उघडं माळरान. तरी एकानंतर एक ऐकताना धक्का बसत नाही. ‘नंबर ऑफ द बीस्ट’ लॉस एंजेलिसचं आहे, लगेच पुढचं ‘कॅन आय प्ले विथ मॅडनेस’ मेक्सिको सिटीचं. डोळे मिटले तर गाव बदलल्याचं फक्त लोकांच्या आवाजावरून कळतं. मेक्सिकोचे लोक चालीवर गातात, जपानचे गाणं संपेपर्यंत थांबून मग टाळ्या वाजवतात. ब्वेनोस आयरेसचं ‘फिअर ऑफ द डार्क’ ऐका. तिथे लोक शब्द तर म्हणतातच, गिटारची धूनसुद्धा म्हणतात. हा आवाज ठेवायचा किती आणि कापायचा किती, हे ठरवणं फार अवघड असतं. जास्त ठेवला तर गाणं बुडतं, कापला तर स्टुडिओत वाजवल्यासारखं होतं. इथे तो जागच्या जागी आहे.

बास मात्र तुमच्या स्पीकरवर अवलंबून आहे. स्टीव्ह हॅरिस दोन बोटांनी वाजवतो आणि चपट्या गुंडाळीच्या तारा वापरतो. तरी त्याचा आवाज नुसता घुमत नाही, तारेचा टणत्कार ऐकू येतो, टगडक टगडक अशी घोड्याची टाप. टीव्हीच्या स्पीकरवर ही टाप मरते. निव्वळ घुं-घुं राहतं आणि मग लोक म्हणतात की या गाण्यांत नुसता गोंगाट आहे. हेडफोन लावा, नाहीतर साधा अॅम्प्लिफायर आणि दोन बरे स्पीकर जोडा. बास वाढवू नका, जसा आहे तसा ठेवा. निकोच्या पायानं वाजवायच्या ड्रमला एकच पेडल आहे, दोन नाहीत. त्या एका पायावर तो काय काय करतो ते ‘रन टू द हिल्स’मध्ये कळेल, हे बोगोटाचं आहे.

चित्राबद्दल मात्र मन नाराज होतं. कॅमेरा एका जागी टिकत नाही. अॅड्रियन स्मिथ सोलो सुरू करतो, आपण त्याच्या बोटांकडे बघायला लागतो तोच कॅमेरा गर्दीवर, तिथून ब्रूसवर, तिथून वर दिव्यांवर. वाजवणारा माणूस बघायला बसलेला असतो, त्याला हात बघायचे असतात. सतारमेकराचा मुलगा यावर दर वेळी चिडतो. तो आता स्वतः सतारी करतो, आणि त्याचं ऐकणं आमच्यापेक्षा वेगळं आहे. तो म्हणतो, डेव्ह मरेची जवारी गोल आहे आणि अॅड्रियनची खुली. सतारीच्या घोडीवर तार जिथे टेकते ती हाडाची पट्टी कानसून तिचा उतार ठरवतात, त्याला जवारी काढणं म्हणतात. उतार बदलला की तोच सूर बंद किंवा खुला वाजतो. गिटारला जवारी नसते हे त्यालाही माहीत आहे. पण एकदा त्यानं हे सांगितल्यावर मला ते दोघे डोळे मिटूनही वेगळे ओळखता यायला लागले. डेव्हचा सूर एकातून दुसऱ्यात वितळतो, अॅड्रियनचा प्रत्येक सूर कडेला धार घेऊन येतो. ‘वेस्टेड इयर्स’ लावून बघा, मॉन्टेरेचं आहे.

आमच्या गावात जुन्या आठवणी काढत बसण्याची रीत आहेच. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत आणि उरुसात त्यांच्या नावानं संगीत सभा होते. तिथे मालकांबरोबर मी माईक लावायला जायचो, तेव्हा पुढच्या सतरंजीवरचे म्हातारे दोन गाण्यांच्या मध्ये हेच करत बसलेले असायचे. अमक्या साली अमक्यानं पहाटे तोडी कसा लावला, तेव्हा वीज गेली होती की नव्हती, कोण कुठे बसलं होतं. एकाचं दुसऱ्याशी जुळायचं नाही आणि कुणीच माघार घ्यायचा नाही. तेव्हा मला त्यांचा हट्ट नव्हता कळत. इतकं भांडण कशासाठी? आता दर १ फेब्रुवारीला आम्ही तिघं माझ्या गोडाऊनमध्ये बसतो, ही डिस्क लावतो, आणि मामेभाऊ म्हणतो ब्रूस डावीकडून आला, सतारमेकराचा मुलगा म्हणतो उजवीकडून. त्या म्हाताऱ्यांकडे रेकॉर्डिंग नव्हतं. आमच्याकडे आहे, निदान एका गाण्याचं तरी.

मामेभावाचं त्याहून मोठं प्रकरण म्हणजे तो हात. मुंबईच्या गाण्यात पुढच्या गर्दीवरून कॅमेरा फिरतो. एक क्षण एक उजवा हात वर येतो, काळी बाही, मनगटावर घड्याळ. मामेभाऊ म्हणतो तो हात त्याचा. घड्याळ तो उजव्या हातातच घालतो, हे खरं. २००९ पासून आम्ही ते चित्र किती वेळा थांबवून पाहिलं असेल याला गणती नाही. थांबवलं की हात पुसट होतो, चालू केलं की पुढे जातो. वहिनी लग्नानंतर पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यानं त्यांना तो हात दाखवला. त्यांनी टीव्हीजवळ जाऊन बघितलं, मग त्याचा हात हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, “असू शकतो.” तेवढ्यावर तो वर्षभर खूश होता.

विकत घेण्याबद्दल. माझी पहिली प्रत एका दुकानातून मागवली होती, ती दुसऱ्या डिस्कवर ‘पॉवरस्लेव्ह’पाशी अडकायची. दुकानानं बदलून दिली नाही, तुमच्या प्लेयरचा दोष आहे म्हणाले. तीन प्लेयरवर लावून दाखवायची माझी तयारी होती, पण त्यांची बघायची नव्हती. दुसरी प्रत मामेभावानं सिंगापूरहून येताना आणली, ती आजवर एकदाही अडकलेली नाही. डिस्कवर ओरखडे असतील तर घेऊ नका, आणि दोन्ही डिस्क हातात घेऊन उजेडात धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. फक्त गाणी ऐकायची असतील तर याच नावाचा ऑडिओ अल्बमही आहे, दोन सीडींचा, आणि तो स्ट्रीमिंगवर सहज मिळतो. क्रम तोच, सोळा गाणी, पहिलं मुंबईचं. पण बघण्यासारखं आहे ते बघाच.

या वर्षी बसलो तेव्हा निकोचं निघालं. डिसेंबर २०२४ मध्ये साओ पावलोला त्यानं बँडबरोबर शेवटचा कार्यक्रम केला आणि दौऱ्यांतून निवृत्ती घेतली. त्याआधी २०२३ च्या सुरुवातीला त्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, तरी त्यानं त्यानंतर दोन वर्षं दौरे केले. आता जो बँड फिरतो आहे तो आम्ही पाहिलेला नाही. आम्ही पाहिलेले सहाजण या डिस्कवर आहेत, आणि ते सहा एकत्र आता अशा रेकॉर्डिंगमध्येच दिसतील. विमान चालवणारी ती कंपनीही २०११ मध्ये बंद पडली.

शेवटी आम्ही नेहमी ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ लावतो. तेरा मिनिटांचं गाणं, जुन्या इंग्रजी दीर्घकवितेवरून केलेलं. एका खलाशानं पक्षी मारला आणि सगळ्या जहाजाला शाप लागला, ती गोष्ट. मधोमध सगळं थांबतं. फक्त बास सावकाश वाजत राहतो, जहाजाचं लाकूड करकरतं, आणि कुणीतरी हलक्या आवाजात ओळी म्हणतं. डिस्कवर हे गाणं न्यू जर्सीचं आहे. बंद सभागृह, आवाज काचेसारखा स्वच्छ.

मुंबईत तसं नव्हतं. मिक्सिंगच्या मंडपापाशी उभं राहून मला त्या शांततेत मागच्या जनरेटरची घरघर ऐकू येत होती. मग विमानतळाकडे उतरणारं एक विमान अगदी डोक्यावरून गेलं, इतकं खाली की त्याचे दिवे दिसले. त्याच विमानतळावर यांचंही विमान उभं होतं. इंजिनिअरनं मान वर करून त्या विमानाकडे बघितलं, दोन सेकंद थांबला, आणि बासचा फेडर थोडा वर केला. विमानाचा आवाज गेल्यावर परत होता तिथे आणला.

न्यू जर्सीच्या रेकॉर्डिंगमध्ये हा भाग आला की सतारमेकराचा मुलगा दर वेळी हात वर करतो. आम्ही गप्प होतो. तो म्हणतो, “आता विमान.” आणि आम्ही तिघं वर बघतो, गोडाऊनच्या पत्र्याकडे.